'फुटकळ' फोल्डरमधल्या १४० स्क्रिप्ट्स आणि दर महिन्याच्या सात तारखेचा पाऊस

आडसाली | सोमवार, रात्री ११.१०

लॅपटॉप बदलला आणि हा धागा काढायची वेळ आली.

मी पाऊस आणि धरणांतला पाणीसाठा यांवर काम करते. एकटीच, कोथरूडमधल्या घरातून. गेल्या आठ वर्षांत 'फुटकळ' नावाच्या फोल्डरमध्ये पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या १४० स्क्रिप्ट्स (छोटे प्रोग्रॅम) साठल्या आहेत. नावं अशी: पाऊस_बघू, पाऊस_बघू_२, पाऊस_बघू_२_नक्की, खडकवासला_तात्पुरतं. यातलं 'तात्पुरतं' २०१८ पासून मुक्कामाला आहे. प्रत्येक स्क्रिप्ट वीस ते ऐंशी ओळींची. मनात प्रश्न आला, लिहिली, आलेख बघितला, पुढे गेले. कोड बरोबर चालतो का हे तपासणाऱ्या टेस्ट वगैरे शून्य.

नव्या लॅपटॉपवर सगळ्या ओळीने चालवल्या. ४१ आडव्या पडल्या. बहुतेकींचं दुखणं किरकोळ होतं. आकडेमोडीच्या नमपाय या लायब्ररीने (तयार कोडचा संच) १.२४ आवृत्तीत 'एनपी.फ्लोट' काढून टाकलंय, तक्ते हाताळणाऱ्या पांडाज लायब्ररीने २.० मध्ये डेटाफ्रेमचं 'अपेंड' काढलंय, आणि सात-आठ ठिकाणी मीच जुन्या लॅपटॉपच्या डेस्कटॉपचा पत्ता जसाच्या तसा लिहून ठेवला होता. दुपारभरात उरकलं.

एका स्क्रिप्टने मात्र घाम फोडला. मावळातल्या एका शाळेत गच्चीवर पर्जन्यमापक आहे. तिथल्या वहीतल्या नोंदी मी एक्सेलमध्ये उतरवल्या होत्या, आपण लिहितो तशाच: आधी दिवस, मग महिना. जुना पांडाज त्या तारखा गुमान वाचायचा. नवा १३ जानेवारीला येऊन अडला. एरर काय सांगतो, तर तारखा एका साच्यातल्या दिसत नाहीत, 'मिक्स्ड' असं लिहून बघा. मी लिहिलं. चालली की! झोपायला जाणार होते.

पण नुसतं चाललं यावर विश्वास बसेना, म्हणून रोजचा आलेख काढला. ७ जानेवारीला ६२ मिमी. ७ फेब्रुवारीला ४०. ७ मार्चलाही पाऊस. मग दिसलं, की दर महिन्याच्या ६, ७, ८ आणि ९ तारखेला पाऊस पडतोय. संकष्टीसुद्धा इतकी नेमाने येत नाही.

तुमच्या लक्षात आलं असेलच. ०१/०७ ही आपली १ जुलै पांडाजला ७ जानेवारी वाटते, कारण तो आधी महिना धरतो. १३/०७ ला तेरावा महिना सापडत नाही, म्हणून तेवढ्यापुरतं उलटं वाचतो. जुनी आवृत्ती हे न बोलता करायची. २.० पासून तो पहिल्या तारखेवरून साचा ठरवतो आणि न बसणारी तारीख आली की थांबतो. म्हणजे ज्या एररला मी शिव्या घालत होते तोच खरं बोलत होता, आणि 'मिक्स्ड' लिहून मी त्याचं तोंड बंद केलं.

आता खरी गंमत. यात ७ जानेवारीचा आकडाही १ जुलैला जातो. नुसती अदलाबदल. त्यामुळे वर्षाचे दिवस ३६५ च, एकही दिवस दुबार नाही, एकही गाळलेला नाही, वर्षाची बेरीज वहीशी मिलिमीटरपर्यंत जुळते. मी 'तपासलं' होतं ते एवढंच. प्रत्यक्षात जून ते सप्टेंबरच्या १२२ दिवसांपैकी ३२ दिवसांचा पाऊस उरलेल्या आठ महिन्यांत जाऊन बसला होता. आणि मी २०१९ मध्ये एका छोट्या बैठकीत याच आकड्यांवरून 'मोसमाबाहेरच्या पावसाचा वाटा बराच दिसतोय' अशी स्लाइड दाखवली होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. वळीव, परतीचा पाऊस, हवामानबदल, कारणांना काय तोटा! स्लाइड पुढे कुठे छापली गेली नाही, एवढंच नशीब.

तर प्रश्न असा: अशा फुटकळ, एकदाच चालवायच्या म्हणून लिहिलेल्या स्क्रिप्ट्सचं तुम्ही काय करता? कशा तपासता? की तपासतच नाही?

---

फेज_दोनचा_प्रवासी | सोमवार, रात्री ११.५२

तपासायच्या कशा म्हणजे? जगात सगळे तपासतात तशाच. सगळं गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली) टाका, सामायिक फंक्शन्स एका मॉड्यूलमध्ये काढा, पायटेस्ट (टेस्ट चालवणारं साधन) लावा, प्रत्येक पुशला, म्हणजे बदल वर चढवताना, सगळ्या टेस्ट्स आपोआप चालू द्या. कव्हरेज, म्हणजे टेस्ट्समध्ये चालून गेलेल्या कोडचं प्रमाण, ८० टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायचं नाही. तारीख वाचणाऱ्या फंक्शनला एक युनिट टेस्ट असती तर ही वेळ आलीच नसती. राग मानू नका, पण संशोधनवाले कोड लिहितात तो बघवत नाही.

---

आडसाली | मंगळवार, सकाळी ७.२५

राग नाही. पण तुमचाच प्रयोग मनातल्या मनात करून बघितला. २०१८ मध्ये मी टेस्ट लिहिली असती तर उदाहरणाला तारीख कोणती घेतली असती? हमखास १५ ऑगस्ट. १५/०८ बरोबर वाचली जाते. टेस्ट हिरवी, कव्हरेज १०० टक्के, आणि पाऊस ७ जानेवारीलाच.

कोड मला जे वाटत होतं तेच करत होता. मला जे वाटत होतं ते चुकलं होतं. ही चूक युनिट टेस्टमध्ये सापडत नाही, कारण टेस्ट लिहिणारीही मीच.

दुसरं, १४० पैकी शंभरेक स्क्रिप्ट्सचं उत्तर 'काही विशेष नाही' असं आलं आणि विषय तिथेच मिटला. त्यांना कोण टेस्ट लिहीत बसणार? वेळ आणि पगार दोन्ही कुणाचा?

---

फेज_दोनचा_प्रवासी | मंगळवार, सकाळी ९.४० (बसमधून, वाकड पुलावर अडकून)

१५ ऑगस्टचा मुद्दा मान्य. आमच्याकडे टेस्टर म्हणतात, कडेच्या किमती घ्या: १२, १३, २९ फेब्रुवारी, ३१ डिसेंबर. पण प्रामाणिकपणे सांगतो, मीही आधी १५ ऑगस्टच लिहिली असती.

---

साडेआठचा_वेध | मंगळवार, सकाळी १०.०५

मी निवृत्त आहे. पायथन येत नाही, पण पावसाच्या नोंदी जन्मभर केल्या, म्हणून बोलतो.

आमच्याकडे नवा माणूस आला की त्याच्या तक्त्यात आम्ही आधी ओळखीचा दिवस शोधायचो. उदाहरण देतो. २००५ साली सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला. लोकांच्या तोंडी तो २६ जुलै. पण आपल्याकडे पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि मागच्या २४ तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेला लिहितात. म्हणून नोंदीत तो २७ जुलैला असतो. कुणाच्या तक्त्यात ९४४ हा आकडा २६ ला दिसला, की समजायचं याची तारीख एक दिवस सरकली आहे किंवा याने हा नियम कुणाला विचारलेला नाही. आणि त्याच २४ तासांत कुलाब्याला जेमतेम ७३ च्या आसपास होता. दोन्ही केंद्रांना शेकड्यांनी पाऊस दिसला तर केंद्रांची गल्लत आहे.

एका दिवसात चार चुका पकडता येतात. बाईंनी आपल्या डेटातले असे चार-पाच दिवस वहीतून हाताने लिहून काढावेत. यंत्राला विचारू नये.

---

आडसाली | मंगळवार, सकाळी १०.३०

काका, दंडवत. अक्षरशः हेच पाहिजे होतं. 'ओळखीचे दिवस' नावाची फाइल आज करतेच.

---

चंचुपात्र | मंगळवार, दुपारी १.१५

आमच्या रसायनशास्त्रातला किस्सा सांगतो, ऐकून झोप उडते. रेणूच्या एनएमआरचं (रेणूची रचना ओळखायच्या चुंबकीय चाचणीचं) गणित करणाऱ्या काही पायथन स्क्रिप्ट्स २०१४ मध्ये एका नामांकित नियतकालिकात पद्धतीसकट छापल्या गेल्या. छोट्याच, तुमच्या माझ्यासारख्या. जगभर लोकांनी वापरल्या. २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातल्या मंडळींच्या लक्षात आलं की त्याच फाइल्स वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालवल्या की उत्तर वेगळं येतं. लिनक्सवर एक, विंडोजवर दुसरं.

कारण काय, तर 'ग्लोब'. फोल्डरमधल्या फाइल्सची यादी तो कोणत्या क्रमाने देईल याची पायथन हमी देत नाही, ते ऑपरेटिंग सिस्टिमवर अवलंबून. स्क्रिप्टने गृहीत धरलं होतं की फाइल्स नावाच्या क्रमाने येणार आणि जोड्या आपोआप जुळणार. क्रम बिघडला की एकाची ऊर्जा दुसऱ्याच्या गळ्यात. शंभरावर शोधनिबंधांवर प्रश्नचिन्ह लागलं. दुरुस्ती? यादीभोवती 'सॉर्टेड' हा एक शब्द.

तेव्हापासून माझी एकच सवय: इनपुट फाइल्सचा क्रम मुद्दाम पिसायचा, पत्ते पिसतो तसा, आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवायची. उत्तर हललं तर कुठेतरी पाणी मुरतंय. यात बरोबर उत्तर माहीत असावंच लागत नाही, हे सगळ्यात मोठं सुख.

---

पेठेतला_पाहुणा | मंगळवार, दुपारी २.४० (वामकुक्षी मोडून)

१४० पैकी १२० डिलीट करा. प्रश्न मिटला.

आणि उरलेल्या वीसांवर पाटी लावा: 'ही स्क्रिप्ट चालते असे गृहीत धरू नये. उत्तराची खात्री स्वतः करावी. लेखिका दुपारी १ ते ४ उपलब्ध नाही.'

---

गुणसूत्र_गोंधळी | मंगळवार, दुपारी ३.०५

+१ चंचुपात्र. तारखांवरून आठवलं, आमच्याकडे तर एक्सेलने जनुकांचीच नावं बदलायला लावली. 'सेप्ट २', 'मार्च १' अशी जनुकं होती. शीटमध्ये टाकली की २ सप्टेंबर, १ मार्च होऊन बसायची. शेवटी २०२० मध्ये नामकरण समितीने हात टेकले आणि जनुकांची नावंच बदलली. सॉफ्टवेअर सुधारेना म्हणून शरीरशास्त्र सुधारलं!

वाखुसा (वाचनखूण साठवली आहे).

---

दुसरं_वर्ष_एमएससी | मंगळवार, रात्री ९.२०

ताई, माझ्या तर स्क्रिप्ट्सही नाहीत, सगळी ज्युपिटर नोटबुकं आहेत (कोडचे तुकडे, म्हणजे सेल, सुटे सुटे चालवता येतात अशा फाइल्स). गाइड म्हणाले मागच्या सेमिस्टरची आकृती पुन्हा काढून दे. तेच नोटबुक, तोच डेटा, आकृती वेगळी येतेय. तीन दिवस झाले. मेसचं जेवणही गोड लागत नाही.

---

आडसाली | मंगळवार, रात्री १०.००

आधी जेवून घे.

मग नोटबुकातल्या सेलच्या डावीकडचे आकडे बघ, कोणता सेल कितवा चालवला ते सांगणारे. १, २, ३ असे ओळीने आहेत का? की १७, ४, ५२? तसं असेल तर तू सेल वर-खाली उड्या मारत चालवले होतेस, आणि ज्या व्हेरिएबलवर आकृती उभी होती त्याचा सेल कदाचित तूच नंतर पुसला असशील. मेमरीत तो होता, कागदावर नाही. 'रिस्टार्ट अँड रन ऑल' दाबून जे येतं तेवढंच तुझं.

आणि तू एकटा नाहीस. २०१९ मध्ये संशोधकांनी गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरची आठ लाखांहून जास्त नोटबुकं चालवून बघितली होती. एररशिवाय चालली सुमारे २४ टक्के, आणि आधीचंच उत्तर पुन्हा देणारी जेमतेम ४ टक्के. रँडम काही वापरलं असशील तर सीड (तेच रँडम आकडे पुन्हा मिळावेत म्हणून द्यायचा आकडा) दिलाय का तेही बघ.

---

दुसरं_वर्ष_एमएससी | मंगळवार, रात्री ११.३५

ताई, ३, ४, ९, ८८, ८९, १२. आणि 'गाळणी' नावाचं व्हेरिएबल कुठेच नाहीये. सापडलं!! म्हणजे हरवलेलं सापडलं नाही, पण हरवलंय हे सापडलं.

---

आडसाली | शुक्रवार, रात्री १०.१५

तीन दिवस काय केलं ते लिहिते, कारण काहींनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलंय.

आधी चाळणी. पेठेतल्या पाहुण्यांचं अर्धं ऐकलं. डिलीट काही केलं नाही, पण १४० पैकी ११८ स्क्रिप्ट्स 'माळा' या फोल्डरमध्ये टाकल्या. माळ्यावरच्या वस्तूला जो नियम तोच यांना: दुरुस्त करायच्या नाहीत, फेकायच्याही नाहीत. प्रत्येकीच्या डोक्यावर तीन ओळी लिहिल्या, प्रश्न काय होता, डेटा कोणता, उत्तर काय आलं. हे सगळ्यात वेळखाऊ निघालं, कारण निम्म्यांचा प्रश्न मलाच आठवेना. पाऊस_बघू_२_नक्की मध्ये मला काय नक्की करायचं होतं हे आता ब्रह्मदेवालाच ठाऊक.

उरल्या २२. यांचा निकष एकच: ज्या मी दुसऱ्यांदा चालवल्या, किंवा ज्यांचा आकडा घराबाहेर गेला, कुणाला मेलमध्ये का होईना. त्यांची मशागत करायची.

या २२ जणींच्या माथ्यावर आता लायब्ररींच्या आवृत्त्या लिहिल्यात. पायथनमध्ये स्क्रिप्टच्या आतच, वरच्या कॉमेंटमध्ये, तिला काय काय लागतं ते नोंदवायची अधिकृत पद्धत २०२४ पासून आहे, आणि 'यूव्ही' हे साधन ते वाचून प्रत्येकीला तिच्या लायब्ररींचं वेगळं वातावरण करून देतं. एकीला जुना पांडाज पाहिजे, दुसरीला नवा, हे भांडण मिटलं. सगळ्यांना मिळून एक मोठी यादी करायचा प्रयत्न मी पूर्वी केला होता. एकत्र कुटुंबासारखा तो फार टिकला नाही.

आता तपासण्या. यात काकांची पद्धत सगळ्यात कामाची ठरली. वहीतले सहा दिवस हाताने लिहून काढले, त्यात मुद्दाम महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतले चार. जुनी स्क्रिप्ट चालवली तर सहापैकी चार लाल. २०१८ मध्ये दहा मिनिटं लागली असती.

धरणांच्या स्क्रिप्टला एककाचा काटा लावला. एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे ११,५७४ क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट) दिवसभर सोडलं की एक टीएमसी. हे स्क्रिप्टला विचारायचं, तिने १ म्हणायला पाहिजे. शिवाय खडकवासला साखळीतल्या चारही धरणांची मिळून क्षमता २९.१५ टीएमसी. यापेक्षा जास्त साठा दाखवला तर पानशेत नाही, माझी स्क्रिप्ट फुटली आहे.

हवामान खात्याच्या चौकटींच्या पावसाच्या फाइल्स (नकाशावर पाव अंशाच्या चौकटी, नोंदी १९०१ पासूनच्या) उघडायच्याही आधी तपासता येतात हे नव्याने कळलं. १२९ गुणिले १३५ चौकटी, ३६५ दिवस, प्रत्येक आकडा चार बाइटचा, म्हणजे फाइल २,५४,२५,९०० बाइटची हवी. लीप वर्षाची २,५४,९५,५६०. माझ्याकडची एक फाइल अर्धवट डाउनलोड झालेली निघाली. स्क्रिप्ट ती तशीच वाचत होती आणि डिसेंबर कोरडा दाखवत होती. डिसेंबर कोरडाच असतो हो, कुणाला संशय येणार!

त्याच फाइल्समध्ये जिथे माहिती नाही तिथे उणे ९९९ असतं. ते काढून मी रिकामं करायचे. पण पांडाज पूर्ण रिकाम्या महिन्याची बेरीज शून्य देतो, २०१७ च्या अखेरीस आलेल्या ०.२२ आवृत्तीपासून. म्हणजे जिथे नोंदच नाही तिथे अवर्षण! 'मिन_काउंट' (बेरजेला किमान किती नोंदी हव्यात) एक ठेवलं की रिकाम्याचं उत्तर रिकामंच येतं. दुष्काळाच्या नकाशात हा फरक केवढा, ते सांगायला नको.

चंचुपात्र, फाइल्स पिसून बघितल्या. २२ पैकी दोन हलल्या. 'सॉर्टेड' लावलं. धन्यवाद, आणि झोप खरंच उडाली.

फेज_दोनकर, सगळं गिटमध्ये आहे, आणि एका कमांडवर २२ ही स्क्रिप्ट्स छोट्या नमुन्यावर चालून 'ओळखीचे दिवस' तपासले जातात. चार मिनिटं लागतात. कव्हरेज विचारू नका.

---

फेज_दोनचा_प्रवासी | शुक्रवार, रात्री १०.५०

विचारत नाही. चार मिनिटांत चालतं म्हणजे तुम्ही ते खरंच चालवाल. आमच्याकडचं पावणेदोन तास चालतं आणि लाल झालं की पुन्हा चालवतात, हिरवं होईपर्यंत.

---

साडेआठचा_वेध | शनिवार, सकाळी ८.४५

छान. एक शंका. पर्जन्यमापक शाळेत आहे म्हणालात. रविवारी साडेआठला वाचन कोण घेतं?

---

आडसाली | शनिवार, सकाळी ९.५०

काका.

वारांनुसार सरासरी काढली, फक्त मोसमातली. मंगळवार ते शनिवार जवळपास सारखे. सोमवार जवळजवळ दुप्पट. रविवार शून्य. आठ वर्षांतल्या प्रत्येक रविवारी, शून्य.

गुरुजींना फोन केला. हसले. म्हणाले, "रविवारी शाळा बंद असते ना ताई. सोमवारी आलो की दोन दिवसांचं एकदम मोजतो आणि लिहितो." मग रविवारचं शून्य कुणी लिहिलं विचारलं. म्हणाले, "आम्ही तर वहीतलं ते घर मोकळंच ठेवतो."

वहीचे फोटो काढून बघितले. मोकळंच आहे. शून्य माझ्या एक्सेलमधलं आहे.

तारखा उलट्यापालट्या होत्या तोवर वारही विस्कटलेले होते, म्हणून हे दिसायला वाव नव्हता. आता रविवारी 'माहिती नाही' आणि सोमवारी 'दोन दिवसांचा' अशी खूण घालतेय. सोमवारच्या आकड्यावरून अतिवृष्टीचे दिवस मोजले होते, ती स्क्रिप्ट माळ्यावर टाकली होती. उतरवतेय.